सायगाव पाव, मरोळ

गुरुवार, १७ जानेवारी १९८५, सकाळी नऊ चाळीस. मरोळ नाक्याजवळच्या औषधाच्या दुकानातला फोन वाजला. दुकानदाराने तो घेतला, थोडा वेळ ऐकला, खाली ठेवला, आणि रस्ता ओलांडून तो समोरच्या खाणावळीत आला. मी तेथे बाकावर बसलो होतो. आमच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे, आणि घड्याळ पाहण्याची सवय मला तपासणी विभागातल्या नोकरीने लावली होती. म्हणून वेळ नेमकी सांगता येते.

"भंडारी, तुझा फोन होता," औषधवाला म्हणाला. "कोणी म्हातारा बोलत होता. सायगावहून मुलगी आली आहे म्हणे. सतरा-अठरा वर्षांची. दुपारनंतर इकडे घेऊन येतो म्हणाला."

"कोण?"

"नाव कुठे सांगितलं यार! नुसती खरखर. मी हॅलो हॅलो करतोय, तर ठेवून दिला ना त्याने."

भंडारीच्या एका हातात सुरी होती आणि दुसऱ्या हातात मुळा. त्याने सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि मुळा शोधू लागला. मुळा त्याच्या हातातच होता. मी तसे सांगितले, तेव्हा त्याने त्याकडे पाहिले आणि तो फळीवर ठेवला.

भंडारी हे त्याचे आडनाव नव्हते आणि जातही नव्हती. आगबोटीवरच्या स्वयंपाक्याला खलाशी भंडारी म्हणतात. आमच्या भागात मालवणकडचे लोक पुष्कळ; ते पहिल्याच भेटीत "खंयचे भंडारी?" असे विचारीत आणि तो "बोटीवरचो" एवढेच सांगून त्यांना गप्प करी. वयाने तो माझ्याहून मोठा होता, तरी सगळा नाका त्याचा उल्लेख एकेरीच करीत असे. लिहिताना मी त्यात बदल करीत नाही.

तरुणपणी बोटीवर असताना तो सायगाव बंदरात उतरला आणि पुष्कळ वर्षे तेथेच राहिला. व्हिएतनाममधल्या त्या शहरात फ्रेंच लोक पाव खायला शिकवून निघून गेले होते, आणि तिकडच्या लोकांनी त्या पावात आपले खाणे भरले होते. भंडारी तेच बनवायला शिकला. त्याने तेथील बाईशी लग्न केले. एक मुलगी झाली. तिला तो आपल्या बोलीत 'बाय' म्हणे, आणि शेजारी हसत, कारण त्यांच्या भाषेत त्यासारखाच शब्द सात या आकड्याला आहे. एकुलती एक मुलगी, आणि बाप तिला सात म्हणून हाक मारतो. हे सांगताना तो स्वतःही हसे; मात्र प्रत्येक वेळी हसू संपण्याआधी सुरीकडे वळे.

मुलगी सहा-सात वर्षांची असताना आजारी बापाला पाहण्यासाठी तो एकटा मुंबईस आला. तो परत जाण्याआधी तिकडचे युद्ध संपले, सरकार बदलले, आणि वाट बंद झाली. पुढे शहराचे नावही बदलले. ते नवे नाव मी त्याच्या तोंडून एकदाही ऐकले नाही. त्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येक खलाशाबरोबर तो निरोप पाठवी, आणि निरोप तोंडीच असे: मुंबईत, अंधेरीला, विमानतळाच्या अंगाला, सायगावचा पाव विकणारा एकच माणूस आहे. खाणावळ हाच त्याचा पत्ता होता. एका खलाशाने परत येऊन घर रिकामे असल्याचे सांगितले. दुसऱ्याने सांगितले की गल्लीच सापडली नाही. भंडारीने दोघांनाही पोटभर खाऊ घातले आणि तिसऱ्याला निरोप दिला.

जागा मरोळलाच घेण्याचे कारणही तेच. विमान सहारला उतरते, मुलगी विमानाने आली तर तिला लांब जावे लागू नये, असा त्याचा हिशेब होता. दारावर त्याने निळ्या रंगात 'सायगाव पाव' अशी पाटी लावली होती आणि खाली औषधवाल्याचा फोन नंबर 'पी. पी.' या अक्षरांसह रंगवून घेतला होता. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नव्हता ते सगळे त्या काळी शेजाऱ्याचा नंबर असाच देत. औषधवाल्याला हे विचारूनच केले होते, पण प्रत्येक वेळी घंटा वाजली की समोर सुरी थांबते, हे त्याला पुढे जड जाऊ लागले. "अरे, डॉक्टरचा फोन आहे रे, काप तू!" असे तो तिकडूनच ओरडे.

मी तेथे प्रथम गेलो तो कारखान्याचे उपाहारगृह बंद पडले म्हणून. बाहेर खाण्याची मला आवड नाही. भंडारीने हातभर लांब कडक पाव कानाशी धरून दाबला, आवाज ऐकला, मग तो उभा चिरला. आत मिरी आणि लसूण घालून वाटलेली कलेजी फासली. शिरक्यात मुरवलेल्या मुळ्याच्या आणि गाजराच्या काड्या, काकडी, देठांसह कोथिंबीर आणि हिरवी मिरची भरली. वरून एका बाटलीतले तपकिरी पाणी शिंपडले, आणि सगळे कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले.

"दोन तुकडे करून द्या," मी म्हणालो.

"कापूचो नाय."

"का?"

"अर्धो पाव कोणाचो?"

"ज्याचा पूर्ण, त्याचाच."

"मगे पुरोच खा."

मी खाल्ला. कवच टाळूला टोचले, मिरची मागाहून लागली, आणि मुळा गोडसर असल्याचे मला आश्चर्य वाटले. कलेजी मला आजही फारशी आवडत नाही. तरीही दर गुरुवारी मी जाऊ लागलो. तेथे बशी मिळत नसे. पावाबरोबर चहा मिळत नसे. नंतर डब्यातले घट्ट दूध घातलेली काळी कॉफी मिळे, तीही पाव संपल्याचे त्याने स्वतः पाहिल्यावर. "कलेजी काढून दे" म्हणणाऱ्या शाकाहारी गिऱ्हाइकांना तो शेजारच्या वडेवाल्याकडे पाठवी. औषधवाला त्यातलाच एक. समोरासमोर इतकी वर्षे असूनही त्याने तो पाव कधी चाखला नव्हता आणि त्याचा त्याला राग होता.

बाटलीतले तपकिरी पाणी म्हणजे माशांचे पाणी. भंडारी गच्चीवर मातीच्या बरणीत बारीक मासळी आणि मीठ यांचे थर देऊन महिनेच्या महिने ठेवी आणि खाली निथळणारा रस गाळून घेई. एका उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई नाकाला पदर लावून खाली आल्या.

"वर काय मेलंय हो?"

"मासे."

"कधी?"

"शिमग्याक."

तेव्हा वैशाख चालू होता. बाईंनी महानगरपालिकेकडे तक्रार केली. माणूस येऊन गेला, वास घेऊन गेला. बरणीला जाड झाकण बसवण्यावर प्रकरण मिटले. झाकण बसवून देण्याचे काम माझ्याकडे आले, कारण तपासणी विभागात काम करणाऱ्याला सगळे जमते असा नाक्याचा समज होता.

त्याच्या विक्षिप्तपणात एक गोष्ट मात्र मला हसण्यासारखी कधी वाटली नाही. तो मरोळ सोडून जात नसे. गणेशचतुर्थीला गावी न जाणारा मालवणी माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याचा धाकटा भाऊ एका वर्षी मुद्दाम न्यायला आला होता. "दादा, दीड दिवसांचो तर गणपती. चल. लोक माका इचारतत, भाव जिवंत आसा काय म्हणान."

"आसा म्हणान सांग," भंडारी म्हणाला. "मी थंय गेलंय आणि चेडू हंय इला तर?"

मालवणीत मुलीला चेडू म्हणतात. भाऊ एकटाच परत गेला.

आता त्या गुरुवारकडे वळतो.

माझे आजोळ साताऱ्याकडचे. त्या जिल्ह्यात मेढ्याच्या बाजूला सायगाव नावाचे गाव आहे, हे मला लहानपणापासून माहीत होते. पाटी प्रथम पाहिली तेव्हा मलाही हा माणूस तिकडचाच वाटला होता, आणि असे वाटणारा मी एकटा नव्हतो. एकाने माझ्यादेखत "मेढ्याजवळचं सायगाव का?" असे विचारले, तेव्हा भंडारीने "त्याच्या जरा फुडे" असे उत्तर दिले होते. म्हणून औषधवाल्याने निरोप सांगितला त्या क्षणी माझ्या मनात जे आले, ते चांगले नव्हते. फोन करणारा म्हातारा होता, आणि तो मराठीत बोलला होता.

बोलावे की बोलू नये, याचा विचार मी एक कॉफी संपेपर्यंत केला. मग बोललो.

"भंडारी, साताऱ्याकडे एक सायगाव आहे."

"म्हायत आसा."

"फोन तिकडच्या कोणाचा असू शकतो."

"शकता." तो मुळा किसल्यासारखा बारीक चिरू लागला होता. "पण साहेब, एखादो म्हातारो खलाशी आसात. आमच्या कोकणातलोच. तेनी तिका आणली आसात. तो मराठीच बोलतलो मां?"

"बोलेल."

"मगे आजचो दिस ता साताऱ्याचा गाव मधी आणू नका."

मी आणले नाही. पण ते आमच्या दोघांच्या मध्ये दिवसभर होते.

त्याने सकाळचा पाव बेकरीत परत पाठवला. दुसरा आला, तो कानाशी धरून दाबला, आणि तोही परत पाठवला. तेव्हा बेकरीची मालकीण, मरोळ गावठाणातली ख्रिस्ती बाई, पीठ लागलेल्या हातांनी स्वतः आली. "काय रे बाबा, काल हाच पाव वाजला, आज नाय वाजत? तुझा कान गेला की काय?" भंडारी परत फळीकडे वळला. ती माझ्याकडे वळली. मी तिला निरोपाचे सांगितले. ती गेली आणि थोड्या वेळाने तिसरी खेप घेऊन आली. ती त्याने ठेवून घेतली. माझ्या कानाला तिन्ही सारख्याच होत्या.

मग त्याला आठवले की खाणावळीत पाठ टेकायला काही नाही, नुसती बाके आहेत. तो औषधवाल्याची हात असलेली खुर्ची उचलून घेऊन आला. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली, मग दाराकडे पाठ करून ठेवली, मग पुन्हा फिरवली. दाढी केली, हनुवटीला कापून घेतले. तुरटी लावीत त्याने मला विचारले, "साहेब, माका वळखात?"

"मी तुम्हाला अकरा वर्षांपूर्वी पाहिलेले नाही," मी म्हणालो.

ते खरे होते.

जेवणाच्या वेळेला गिऱ्हाइके आली आणि गेली. एकाच्या पावात मिरची दोनदा पडली, दुसऱ्याच्यात कलेजीच नव्हती. डोक्यावरून विमान गेले की भंडारी थांबे आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत बोलत नसे. रिक्षा थांबली की पुढे जाई. औषधवाला आपल्या दारात उभा राहून रस्ता दोन्ही बाजूंनी पाहत होता. फोन नीट न ऐकल्याचे त्याला लागले असावे. तो दोनदा येऊन विचारून गेला, "आले का रे?"

अडीच-तीनच्या सुमारास खाणावळ रिकामी झाली तेव्हा भंडारी माझ्यासमोर येऊन बसला आणि हळू आवाजात त्या भाषेत काही बोलू लागला. प्रथम मला वाटले की तो आकडे मोजतो आहे, आणि ते आकडेच होते. त्यानंतर पाणी, मीठ, मिरची, बर्फ. बाजारातले सगळे शब्द त्याच्याजवळ शाबूत होते. ज्यांच्याशी ती भाषा बोलावी असे इथे कोणी नव्हते, आणि राहिलेले शब्द स्वयंपाकाच्या जवळचे होते म्हणून राहिले होते. मुलीला पहिल्यांदा काय विचारायचे, ते त्याने ठरवले होते: तुझी आई कुठे आहे? आईला तिकडे 'मा' म्हणतात. तेवढे त्याला येत होते. 'कुठे आहे' हे त्याला आठवत नव्हते.

"रोज बोललंय हा मी ता," तो म्हणाला. "बाजारात रोज. ह्यां खंय, त्यां खंय. आणि आता बघा."

"आठवेल."

"नाय आठावला तर? साहेब, ती बोलात आणि माका समाजाचा नाय. मगे ती काय करीत? एवड्या लांबसून येवन?"

मी त्या भाषेतला एकही शब्द जाणत नव्हतो. मी त्याला म्हणालो, "पुन्हा म्हणा. पहिल्यापासून." तो आकड्यांपासून पुन्हा सुरू झाला. मीठ, मिरची, बर्फ यांच्यापुढे तो जात नव्हता. मी घड्याळ काढून खिशात ठेवले.

चारनंतर एक रिक्षा अगदी दाराशी थांबली. आधी एक पत्र्याची ट्रंक बाहेर आली, मग पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ, मग दोन वेण्या घातलेली, साडीतली, सावळी मुलगी. गृहस्थांनी पाटीकडे पाहिले, समाधानाने मान हलवली आणि ते आत आले.

"राम राम! तुम्हीच का भंडारी? घाटकोपरला असतो मी. बसमधनं तुमचा बोर्ड बघतो नेहमी. सायगाव! म्हटलं, एवढ्या मुंबईत गाववाला गावला. परवा उतरून शेजारी नाव विचारलं, नंबरच लिहून घेतला बघा." मग मुलीकडे वळून ते म्हणाले, "ये गं, पाया पड. आपल्याच गावचं हायेत. कुठल्या आळीचं म्हणायचं तुम्ही?"

मी उठून उभा राहिलो होतो. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

मुलगी पुढे आली आणि वाकून तिने भंडारीच्या पायांना हात लावला. त्याचे दोन्ही हात वरच्या वर राहिले. ती सरळ उभी राहिली तेव्हा त्याच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडले. त्यात 'मा' होते, आणि त्यापुढे दिवसभर न सापडलेले शब्दही होते. ते प्रश्नासारखे वर गेले आणि थांबले.

मुलगी गोंधळली. "मला नाही कळलं, काका."

"कायव नाय," भंडारी म्हणाला. "बस. खुर्चयेर बस. जेवलंस काय?"

"सकाळीच जेवून निघाली," गृहस्थ म्हणाले, "पण गुरुवार असतो तिचा. वशाट नाही चालायचं."

भंडारीने सुरी धुतली. फळी धुतली, दुसऱ्यांदा धुतली. कलेजीचे पातेले आणि बाटली उचलून मागे ठेवली. पाव चिरून त्यात मुळा, गाजर, काकडी, कोथिंबीर आणि मिरची भरली आणि वर लिंबू पिळले. समोरच्या दारातून हे सगळे पाहत असलेला औषधवाला रस्त्याच्या मध्यापर्यंत आला. "वा रे वा! मला इतकी वर्षं नाही दिलास, आणि आज बिनकलेजीचा होतो काय तुझ्याच्याने?" मग त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि तो परत गेला.

मुलगी भुकेली होती. तिने पाव दोन्ही हातांत धरून खायला सुरुवात केली. गृहस्थ येण्याचे कारण सांगू लागले. पुतणी, अंधेरीच्या एका रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी निवड झालेली, वसतिगृहात जागा महिनाअखेरीस मिळणार, घाटकोपरच्या खोलीत आधीच सात माणसे, आणि सकाळची पाळी गाठायची तर तिथून जमत नाही. "म्हणून म्हटलं, गाववाल्याच्या घरी चार दिवस राहील पोरगी. घरात बाईमाणूस असेलच की."

"मी तुमच्या गावचो नाय," भंडारी म्हणाला.

"म्हणजे?"

"ता सायगाव येगळा. लांब आसा. दर्याच्या पलीकडे. आणि माझ्या घरात बाईमाणूस नाय."

गृहस्थ पाटीच्या दिशेने आणि मग ट्रंकेकडे पाहू लागले. "अरे देवा," ते म्हणाले, "आता हिला कुठं नेऊ मी?" मुलीचे चावणे थांबले. घास तोंडात तसाच ठेवून ती एकदा काकांकडे आणि एकदा भंडारीकडे पाहत राहिली. आल्यापासून ती प्रथमच घाबरलेली दिसली.

भंडारी माझ्याकडे वळला. "साहेब, तुमच्याकडे ऱ्हवात काय? तुमची मंडळी घरात आसता."

माझे घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर होते. त्यात पत्नी, दोन मुले आणि मी. घरी विचारल्याशिवाय असे काही ठरवण्याची माझी रीत नाही. मी गृहस्थांना रुग्णालयाचे नाव विचारले, मुलीला तिचे शिक्षण विचारले, आणि म्हणालो, "महिनाअखेरपर्यंत."

ती हात धुवायला मागे गेली. काका तिच्यामागे तिची समजूत घालायला गेले. भंडारी औषधवाल्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"साहेब, एक सांगू? ती नाय म्हणान कळला, तेवां एक घडी माका बरा वाटला." त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "माझा चेडू बोलला असता, तर माका कायव समाजला नसता. ह्या पोरीचा सगळा समाजला."

भंडारी त्यानंतर काही वर्षे त्याच जागी होता, त्याच पाटीखाली. फोन पुष्कळ आले. सायगावचा पुन्हा आला नाही.

त्याने खुर्ची उचलली आणि रस्ता ओलांडून परत नेऊन ठेवली. मी ट्रंक उचलली. ती दिसत होती त्याहून जड होती. मुलगी एक कडी धरू लागली, मी धरू दिली नाही. काका कोपऱ्यापर्यंत आमच्याबरोबर आले आणि बसकडे वळले. घरी पत्नीला मी दाराबाहेर बोलावून सर्व सांगितले. तिने एकच विचारले, "जेवली आहे का?" मी होय म्हणालो. ट्रंक स्वयंपाकघरात ओट्याखाली सरकवली, मुलांची अंथरुणे बाहेरच्या खोलीत आणली, आणि पेचकस घेऊन मोरीच्या दाराची सैल झालेली कडी घट्ट बसवली.